शाळकरी मुलांचा घसा

घसा दुखणे ही गोष्ट कोणत्याही बखरीत नमूद होत नाही. पटकीची साथ येते, प्लेग येतो. गावे ओस पडतात, माणसे रानात झोपड्या घालून राहतात, सरकारचे हुकूम सुटतात, आणि त्या सर्वांचे कागद दप्तरात जपून ठेवले जातात. मुलाचा घसा मात्र मिठाच्या पाण्याच्या चार गुळण्यांनी, ज्येष्ठमधाच्या कांडीने आणि हळद घातलेल्या दुधाने बरा होतो, निदान बरा झालासा दिसतो, आणि चौथ्या दिवशी मूल दप्तर घेऊन पुन्हा वर्गात येऊन बसते. शिक्षकाच्या हजेरीपटावर तीन दिवस गैरहजेरीची खूण पडते. त्या दुखण्याची लेखी नोंद म्हणून काही उरत असेल तर ती एवढीच. आणि तरीही ह्या क्षुल्लक दुखण्यापासून निघालेली वाट काही मुलांच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षांनी हृदयाच्या कायमच्या विकारापाशी जाऊन पोहोचते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने फार सावकाश, पुष्कळ चुका करीत, आणि आपल्या देशापुरते बोलायचे तर बऱ्याच उशिरा मान्य केली.

महाड-पोलादपूरच्या मुलुखाचे नाव इतिहासात निघते ते निराळ्या कारणांनी. रायगड किल्ला महाड तालुक्यात. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात. आणि १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्याचे पाणी ओंजळीत घेऊन माणुसकीचा हक्क बजावला, ते चवदार तळे महाड शहरात. १९८१ पर्यंत हा सारा प्रदेश कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते, पोलादपूरवरून वाहत महाडास येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीस मिळते. पोलादपुराहून एक रस्ता आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वरास चढतो, तर मुंबई-गोव्याचा हमरस्ता कशेडीच्या घाटाने खेडकडे उतरतो. वस्ती डोंगरउतारांवर वाड्यावाड्यांनी विखुरलेली. पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि १९२७ इतकेच २०२१ हे सालही आता ह्या मुलुखाच्या इतिहासात राहणार. कारण त्या वर्षीच्या जुलै महिन्यात महाडात महापूर आला आणि तळिये गावातील वाडीवर डोंगर कोसळला.

अशा पावसात वाडीवरची शाळा कशी भरते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस वर्णनाची जरूर नाही. शहरवासीयांस मात्र ते सांगितले पाहिजे. पूर्वीच्या काळी लोकल बोर्डाची शाळा म्हणजे पुष्कळदा देवळाची ओवरी किंवा कोणाच्या तरी घराची पडवी असे. पुढे जिल्हा परिषदेच्या इमारती झाल्या, तरी एका खोलीत दोन-तीन इयत्ता ही रीत फार दिवस चालली. पावसाची झड आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या ओढून घेतलेल्या. भिंतीशी ओल्या घोंगड्या आणि इरली. आणि एका बस्करावर गुडघ्याला गुडघा लावून मुले बसलेली. एक खोकला की त्याचे तुषार चार जणांच्या तोंडावर. घरी जावे तर तेथेही एकाच खोलीत चूल, गुरांचा गोठा पलीकडे, आणि पाच-सहा माणसांची अंथरुणे शेजारी शेजारी. घशाच्या जंतूस एवढेच हवे असते. त्यास थंडी लागत नाही, ओल लागत नाही; त्यास हवी असते माणसांची दाटी.

हा जंतु सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो. म्हणूनच बिलरोट नावाच्या शस्त्रवैद्याने १८७४ साली त्यास ग्रीक भाषेतील दोन शब्द जोडून ‘स्ट्रेप्टोकॉकस’ असे नाव दिले. पाचापासून पंधरापर्यंतच्या वयात, म्हणजे नेमक्या शाळेच्या वयात, त्याचा जोर अधिक. मुलांच्या घशाची बहुतेक दुखणी ह्या जंतूची नसतात, हे येथेच सांगून टाकलेले बरे. नाक वाहते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे, अशा वेळी दुखणे बहुधा साध्या सर्दीचेच असते आणि आपोआप जाते. माळेच्या जंतूचे दुखणे एकाएकी येते. ताप चढतो, थुंकी गिळवत नाही, जबड्याखाली दुखऱ्या गाठी येतात, आणि खोकला मात्र नसतो. तेही चार-पाच दिवसांत ओसरते. घरची माणसे सुस्कारा टाकतात आणि गुळण्यांना यश आले असे समजतात.

त्यानंतर दोन-तीन आठवडे काहीच घडत नाही. ह्या रोगाचे सारे कपट ह्या मधल्या शांततेत आहे. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी मुलाचा गुडघा सुजतो. दोन दिवसांनी गुडघा उतरतो आणि घोटा सुजतो. मग मनगट, मग कोपर. आई म्हणते, कोठेतरी पडला असेल. आजी म्हणते, वाढत्या वयाचे दुखणे आहे, तेलाने चोळा. घशाचे दुखणे तोपर्यंत सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते. सांधे पूर्ववत होतात, त्यांवर यत्किंचितही खूण राहत नाही. परंतु घशातील जंतूशी लढण्यास शरीराने जी सेना उभी केलेली असते, तिला त्या जंतूच्या अंगावरील एका द्रव्यात आणि हृदयाच्या पेशींत फारसा भेद दिसत नाही. ती आपल्याच हृदयावर चालून जाते. हृदयाच्या आतील नाजूक झडपा सुजतात, त्यांवर वण पडतात, आणि सांधे सोडून दिले तरी हृदय ती सोडून देत नाही. ह्या आजारास डॉक्टर लोक ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. आपण त्यास संधिज्वर म्हणू.

सांध्यांचे आणि हृदयाचे काही नाते आहे, हे मानवास पूर्वीच जाणवलेले दिसते. माधवनिदानात आमवातावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातील लक्षणांत हृद्ग्रहाचाही उल्लेख येतो. म्हणून आमवात म्हणजेच संधिज्वर असे मात्र कोणी म्हणू नये. ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ ह्या छापाचा अभिमान इतिहासाच्या कामी येत नाही. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस पिटकेर्न, जेन्नर अशा काही वैद्यांच्या ध्यानात हे नाते आले आणि १८१२ साली वेल्स ह्याने त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे लेनेक ह्या फ्रेंच डॉक्टराने १८१६ साली छातीवर लावून ऐकण्याची नळी शोधून काढली, आणि बुईयो ह्याने त्या नळीच्या साह्याने १८३६ च्या सुमारास असे दाखवून दिले की, तीव्र संधिज्वर झालेल्या रोग्याचे हृदय बिघडणे हा अपवाद नसून नियमच होय. सांध्यापासून हृदयापर्यंतची वाट अशी उघडी पडली. घशापासून सांध्यापर्यंतची वाट सापडावयास मात्र आणखी शंभर वर्षे लागली. १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये कोबर्न आणि लंडनमध्ये कॉलिस, एकमेकांपासून दूर काम करीत असता, एकाच निष्कर्षास आले: संधिज्वराच्या प्रत्येक उमाळ्याआधी माळेच्या जंतूने घसा धरलेला असतो. दोनच वर्षांनी रिबेका लान्सफील्ड ह्या विदुषीने त्या जंतूच्या जाती लावून दिल्या आणि दोषी जात कोणती हे निश्चित झाले.

येथे कथेस वळण लागते, आणि ते आपल्या देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. युरोपात हा रोग दमट, थंड हवेचा, धुराड्यांच्या शहरांचा समजला जाई. तेव्हा उष्ण देशांत तो नसावा, असा तर्क निघाला. आणि तर्क आधी निघाला की पुरावा त्यामागून येतोच. १९१० च्या सुमारास लेनर्ड रॉजर्स ह्यांनी कलकत्त्याच्या इस्पितळातील शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदी तपासून संधिज्वराच्या खुणा तेथे जवळजवळ आढळत नाहीत असे लिहिले. त्याच वर्षी मेगॉ ह्यांनी हिंदुस्थानच्या रहिवाशांत हा रोग नाही अशा आशयाचे टिपण प्रसिद्ध केले. दोघेही मातबर. रॉजर्स ह्यांनी पटकीच्या उपचारात जे केले त्यामुळे असंख्य प्राण वाचले, आणि कलकत्त्याच्या उष्ण देशीय रोगांच्या विद्यालयाचे श्रेयही मुख्यतः त्यांचेच. अशा माणसाची चूक इतरांच्या चुकीपेक्षा अधिक काळ टिकते. १९३० सालापर्यंत क्लार्क नावाचे एक डॉक्टर उष्ण कटिबंधात संधिज्वर नाही असे जगाच्या नकाशावरून सिद्ध करीत होते. गंमत अशी की कोबर्न ह्यांच्या प्रयोगानेही ह्या समजुतीस बळकटीच दिली. त्यांनी काही रोगी मुले न्यूयॉर्कहून पोर्तोरिको ह्या उष्ण बेटावर नेली. तेथे त्यांचे घसे निवळले व प्रकृती सुधारली. परत आणताच दुखणे उलटले. ऊन औषधी आहे असेच कोणासही वाटावे. मुले ज्या दाटीतून सुटून मोकळ्या हवेत गेली, तिचा विचार कोणी तितकासा केला नाही.

उष्ण देशांत रोग दिसला नाही, ह्याची कारणे कठीण नव्हती. इस्पितळात शवविच्छेदन होई ते बहुधा मोठ्या माणसांचे. मुले घरी मरत, आणि घरी मेलेल्या मुलाच्या मरणाचे कारण गावच्या दप्तरात ‘ताप’ एवढेच लिहिले जाई. ज्याचा घसा दुखला ते मूल डॉक्टराकडे गेलेच नाही. ज्याचा गुडघा सुजला ते वैद्याकडे गेले. आणि ज्याचे हृदय निकामी झाले तो रोगी विशीत, पाय व पोट सुजून, मोठ्या शहराच्या इस्पितळात आला तेव्हा त्याच्या लहानपणच्या घशाची आठवण सांगणारे कोणी सोबत नव्हते. एकच रोग तीन ठिकाणी तीन नावांनी वावरत होता.

हा भ्रम मोडला तो बहुतांशी इकडच्याच डॉक्टरांनी. १९३५ साली पंजाबात विग ह्यांनी, तसेच दक्षिणेत कुटुंबय्या ह्यांनी, आपल्या रोग्यांच्या छातीस नळी लावून हा रोग इकडे आहे आणि पुष्कळ आहे असे दाखविले. मुंबईत परळच्या के. ई. एम. इस्पितळातील डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी हृदयरोग्यांच्या मोठ्या समूहाचा अभ्यास करून १९५४ साली भारतातील हृदयरोगांवर निबंध प्रसिद्ध केला. सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणांची जगास ओळख करून देणारे ते हेच. आणि १९६२ साली दिल्लीच्या डॉ. पद्मावती ह्यांनी देशातील निरनिराळ्या इस्पितळांच्या नोंदींवरून ह्या रोगाचे भारतीय चित्र मांडले, तेव्हा वादास जागा उरली नाही.

परळचे नाव वर आले ते योगायोगाने नव्हे. महाड-पोलादपूरचा आणि परळचा संबंध फार जुना आहे. डोंगरउतारावरची नाचणी-वरी वर्षभर पुरत नसे. म्हणून घरटी एखादा तरी पुरुष मुंबईस गिरणीत असावा, अशी ह्या भागाची कित्येक पिढ्यांची रीत. रस्ते नव्हते तेव्हा माणसे होडीने सावित्रीच्या खाडीतून बाणकोटपर्यंत आणि तेथून आगबोटीने मुंबईस जात. गिरणगावच्या चाळीत एका खोलीत एकाच गावची दहा-दहा माणसे पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. १९३१ च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईच्या वस्तीचा फार मोठा भाग एकेका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होता. कुटुंब आणले की मुलेही त्याच दाटीत वाढत आणि मे महिन्यात, शिमग्याला, गणपतीला गावी येत. जंतूला तिकीट लागत नाही. ज्या चाळींत तो वाढत होता त्यांच्या मधोमधच, परळला, १९२६ साली के. ई. एम. इस्पितळ आणि १९२९ साली मुलांसाठी वाडिया इस्पितळ उघडले. कोकणच्या गावी ज्या दुखण्यास नाव नव्हते त्यास नाव मिळण्याची जागा हीच. बोरघाटाखालच्या कित्येक घरांत ‘परळला नेला’ एवढे शब्द म्हटले की पुढचे सांगावे लागत नसे.

ह्या रोगाचे भारतातील रूप विलायतेतील रूपापेक्षा अधिक निष्ठुर आहे. तिकडे एकदा संधिज्वर होऊन गेल्यावर झडप अरुंद होण्यास वीस-तीस वर्षे लागत. रोगी चाळिशी-पन्नाशीचा असे. १९६३ साली दिल्लीच्या डॉ. एस. बी. रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की आपल्याकडे विशीच्या आतच झडप जवळजवळ मिटलेली रोगी मुले आढळतात. कारण उघड आहे. पहिल्या आघाताचे निदान झाले नाही, म्हणून त्यास आवर घातला गेला नाही. दाटी तीच, शाळा तीच, जंतु तोच. दुसरा, तिसरा, चौथा आघात त्याच वणावर होत गेला.

ह्यात मुलींचे प्राक्तन विशेष कठीण. मुलगा धावताना धापा टाकू लागला तर मास्तरांच्या नजरेस येते. खेळातून बाजूस बसलेला मुलगा दिसतो. पाण्याची कळशी घेऊन वाडी चढताना दोनदा टेकणारी मुलगी आळशी ठरते. तिचे लग्न होते. पहिल्या बाळंतपणात शरीरातील रक्त वाढते, त्यास अरुंद झडपेतून वाट मिळत नाही, आणि सातव्या-आठव्या महिन्यात तिला आडवे पडून श्वास घेता येईनासा होतो. रात्रभर भिंतीस टेकून बसलेली पहिलटकरीण आणि दाराबाहेर पाऊस, अशा अवस्थेत घाटाखालच्या वाडीवरून डोलीने रस्त्यापर्यंत व तेथून गाडीने इस्पितळापर्यंत जाणे म्हणजे काय, हे नकाशावर अंतर मोजून कळणार नाही. असे मरण बाळंतपणातले मरण म्हणून गणले जाते. त्याच्या आरंभी तिसरी-चौथीतल्या मुलीचा एक दुखरा घसा होता, हे कोणत्याही दाखल्यावर येत नाही.

ह्याच मुलुखात मुलांच्या हृदयाचा दुसरा एक शत्रू होता, आणि त्याची कहाणी ह्या कहाणीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचू चावला की लहान मुले काही तासांत दगावत. कोणी विष उतरविणाऱ्या मांत्रिकाकडे नेई, कोणी दवाखान्यात. दोहोंकडे निकाल बहुधा एकच. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून, दर तासाची नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवून असे ताडले की मृत्यू विषाच्या वेदनेने नव्हे तर हृदयावर पडलेल्या ताणाने, फुप्फुसांत पाणी भरून होतो. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ ह्या लंडनच्या पत्रात आली. १९८६ साली, पत्नी डॉ. प्रमोदिनी ह्यांच्यासह, प्राझोसिन ह्या रक्तदाबाच्या गोळीचा ह्या कामी उपयोग होतो हे त्यांनी त्याच पत्रात मांडले. ज्या दंशाने पूर्वी शंभरांत तीस-चाळीस रोगी दगावत, तेथे ते प्रमाण एकाच्या आसपास उतरले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातील प्रयोगशाळेशिवाय, तालुक्याच्या गावी बसून, केवळ पाहून आणि लिहून काय होऊ शकते ह्याचे हे उदाहरण आहे. आणि म्हणूनच त्यावरून घशाच्या दुखण्याची अडचणही स्पष्ट होते. विंचू एका रात्रीत मारतो. दंश, वेदना, मृत्यू ही तिन्ही एकाच डॉक्टराच्या नजरेसमोर, एकाच खाटेवर घडतात. घशाचा जंतु पंधरा वर्षांत मारतो: दंश पोलादपूरच्या वर्गात, वेदना घरच्या ओटीवर, मृत्यू परळच्या इस्पितळात. कोणत्याही एका माणसास ही तिन्ही दृश्ये दिसत नाहीत. तिन्ही ठिकाणी वावरतो तो फक्त रोगी.

उपाय मात्र लवकर सापडला, आणि तोही स्वस्त. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन हाती आले. युद्धानंतर अमेरिकेतील वायोमिंग प्रांताच्या एका लष्करी तळावर तरुण शिपायांत घशाची साथ सतत चालू असे. तेथे रॅमेलकॅम्प, डेनी, वॅनामेकर आदी डॉक्टरांनी घसा दुखू लागताच काही शिपायांना पेनिसिलिन दिले, काहींना दिले नाही. १९५० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध मिळालेल्यांत संधिज्वराचे प्रमाण सुमारे दशांशावर आले होते. पुढे असेही कळले की घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध दिले तरी ते उपयोगी पडते. अर्थात आई, आजी आणि मास्तर ह्या तिघांपैकी कोणाच्या तरी मनात शंका यावी एवढी सवड हा रोग देतो. थोड्याच काळात महिनाभर अंगात राहणारे पेनिसिलिनही निघाले, आणि ज्यास एकदा संधिज्वर झाला त्यास तीन-चार आठवड्यांनी एक सुई टोचून पुढचे आघात टाळणे शक्य झाले. सत्तर वर्षांहून अधिक काळ हे औषध वापरात असून, इतर अनेक जंतूंप्रमाणे हा जंतु त्यास अद्याप सरावलेला नाही.

हे औषध महाराष्ट्राच्या भूमीत तयार होऊ लागले, ही अभिमानाची गोष्ट. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे पंडित नेहरूंच्या हस्ते हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना सुरू झाला. त्यास जागतिक आरोग्य संघटनेचे व युनिसेफचे साह्य होते, आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन निघू लागले. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे, पक्षी उडाला तर एका दिवसात पोहोचेल एवढ्या अंतरावर, पोलादपूरच्या मुलांचे औषध बनत होते. पुढे परदेशच्या स्वस्त मालापुढे तेथील हे उत्पादन टिकले नाही. औषध इतके स्वस्त की ते बनविण्यात कोणास फारसे स्वारस्य उरले नाही, आणि गेल्या काही वर्षांत जगात अनेक ठिकाणी त्याचा तुटवडा पडला. महाग औषध गरिबास मिळत नाही हे सर्वांस ठाऊक असते. अति स्वस्त औषधाचीही तीच गत होऊ शकते हा व्यापाराचा विचित्र न्याय होय. शिवाय सुईची भीती. पेनिसिलिनची तीव्र बाधा क्वचितच होते, परंतु एका गावात एकदा झाली की त्या परिसरातील खाजगी डॉक्टर वर्षानुवर्षे ती सुई हातात धरीत नाहीत.

सत्तरीच्या दशकात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आग्रा, अलेप्पी, मुंबई, दिल्ली आणि हैदराबाद येथील शाळकरी मुले तपासविली. हृदयाची झडप बिघडलेली मुले दर हजारी सुमारे दोनपासून अकरापर्यंत आढळली. पुढील पाहण्यांत हे आकडे उतरत गेलेले दिसतात. घरे जरा मोठी झाली, औषधे सुलभ झाली, त्याचा हा परिणाम असावा. तरीही जगात आज ह्या विकाराचे चार कोटींहून अधिक रोगी आहेत आणि वर्षास तीन लाखांवर माणसे त्याने मरतात. जवळजवळ सर्व गरीब देशांतील. २०१८ साली जागतिक आरोग्य परिषदेने ह्या रोगाविषयी ठराव केला, म्हणजे वेल्सच्या निबंधास दोनशे सहा वर्षे झाल्यावर. उष्ण देशांत हाच जंतु आणखी एका वाटेने शिरतो, तेही सांगितले पाहिजे: पावसाळ्यात मुलांच्या पायांवरची खरूज व पुटकुळ्या चिघळतात, त्यांत तो वस्ती करतो, आणि काही मुलांची मूत्रपिंडे सुजून सकाळी तोंड फुगलेले व लघवी लालसर दिसू लागते. ती बहुधा बरी होतात. घशाची वाट हृदयाकडे जाते, म्हणून ती अधिक भयंकर.

२०१३ साली पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. शाळांत व अंगणवाड्यांत जाऊन मुले तपासणाऱ्या पथकांनी ज्या सुमारे तीस व्याधी शोधावयाच्या, त्यांच्या यादीत संधिज्वराने बिघडलेल्या हृदयाचाही समावेश आहे. म्हणजे १९१० साली जो रोग ह्या देशात नाही असे छापले गेले, तो शंभर वर्षांनी शाळेतील तपासणीच्या छापील तक्त्यावर आला. पथकाचा डॉक्टर वर्गात येतो, मुलांना रांगेने उभे करतो आणि एकेकाच्या छातीस नळी लावतो. आठवी-नववीतल्या एखाद्या मुलाच्या छातीपाशी तो जरा अधिक वेळ थांबतो, डोळे मिटून पुन्हा ऐकतो आणि चिठ्ठी लिहून देतो. तेथून पुढचा हिशेब असा: ज्याची झडप बिघडली आहे त्यास तीन आठवड्यांनी एक सुई, म्हणजे वर्षास सतरा, आणि ती निदान चाळिशीपर्यंत तरी चुकवावयाची नाही. मूल दहा वर्षांचे असेल तर पाचशे दहा सुया. प्रत्येक सुईसाठी वाडीवरून रस्त्यापर्यंत उतरणे, एस. टी.ची वाट पाहणे, सुई टोचून घेणे आणि संध्याकाळच्या गाडीने परतणे. बापाची एका दिवसाची मजुरी बुडणे. आणि आषाढ-श्रावणात, ओढ्यास पाणी आल्यामुळे, ठरलेला दिवस टळला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी निघणे.